बेस गिटारचा ब्रिज आणि कणसूर तारा: सॅडलला हात लावण्याआधी काय बघायचं आणि मग किती फिरवायचं

मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लागते. पहिल्या तीन-चार फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, आडव्या धातूपट्ट्या) काही तक्रार नसते. बाराव्याच्या आसपासची जागा घेतली की मात्र की-बोर्डवाला मान वर करून बघतो. बेस कणसूर असला तर समोर बसलेल्यांना बेस चुकतोय हे क्वचितच कळतं, त्यांना गायक बेसूर वाटतो. त्यामुळे गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत इंटोनेशन, म्हणजे मोकळ्या तारेपासून वरच्या फ्रेटपर्यंत सूर जुळतो की नाही, हे एकदा नीट बघून घेतलेलं बरं.

सूर चढा दिसला की बहुतेक जण थेट ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाचे) स्क्रू पिळायला घेतात. खरं तर ब्रिज हा या कामातला शेवटचा टप्पा. तारा, नेक, तारांची उंची, नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि पिकअप (तारांखालचे चुंबक) यांतलं एक जरी बिघडलेलं असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) कुठेही नेऊन ठेवा, एका फ्रेटवर जुळेल आणि दुसऱ्यावर फाटेल.

नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे नट ते सॅडल तारेची हिशोबाची लांबी, ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत याच्या बरोबर निम्मं, ४३१.८ मिमी. कागदावर बारावा फ्रेट म्हणजे मोकळ्या तारेचा नेमका वरचा सप्तक. प्रत्यक्षात तार फ्रेटवर दाबताना थोडी ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो. शिवाय जाड तार टोकाशी काठीसारखी ताठ असते, तेवढी लांबी नीट कंप पावत नाही. हे भरून काढायला सॅडल हिशोबाच्या जागेपेक्षा थोडं मागे ठेवावं लागतं. सर्वांत बारीक ‘जी’ (G) तारेला थोडं, सर्वांत जाड ‘ई’ (E) तारेला सर्वांत जास्त. म्हणून नीट लावलेल्या ब्रिजकडे वरून पाहिलं तर सॅडलांची तिरकी रांग दिसते आणि ई व जी यांच्यात साधारण ४ ते ६ मिमीचं अंतर असतं. चारही सॅडल एका रेषेत दिसली तर तो बेस कोणी लावलेलाच नाही असं समजा. फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती. १९५७ मध्ये ती चार झाली, तेव्हा कुठे प्रत्येक तार स्वतंत्रपणे मिळवता येऊ लागली.

आधी तारा

मेलेल्या तारेवर इंटोनेशन लावणं म्हणजे वेळ फुकट. घाम, मळ आणि गंज तारेच्या वेटोळ्यांत सगळीकडे सारखा बसत नाही. तार एका जागी जड, दुसरीकडे हलकी होते आणि तिचा बाराव्याचा हार्मोनिक (फ्रेटवर बोट न दाबता नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर कधीच जुळत नाहीत. तार जुनी झाली की नाही हे ओळखायला बोट तिच्या खालच्या बाजूने फिरवा. फ्रेटांच्या जागी खाचे लागत असतील तर ती बदला. ज्या गेजवर (तारांच्या जाडीवर, इंचाच्या हजाराव्या भागात) वाजवणार तोच घाला. ४५-१०५ च्या सेटवर लावलेलं इंटोनेशन ४०-१०० वर तसंच राहत नाही. राऊंडवाउंड (गोल वेढ्याच्या) तारा काढून फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या) घातल्या तरी पुन्हा लावावं लागतं.

तार घालताना खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंमी ठेवा. आधी तिथं काटकोनात वाकवा, मगच पुढचं टोक तोडा. न वाकवता तोडली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होऊ शकतं आणि ती तार कायमची मंद वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली. ट्यून झाल्यावर सॅडलच्या अगदी पुढे तार अंगठ्याने खाली दाबा, नटच्या पुढेही तसंच करा. नवी तार सॅडलवरून कमान करून उतरते. ती कमान मोडून तिथं नीट कोन पडला पाहिजे. नाहीतर तारेचं खरं टोक सॅडलच्या पुढे कुठेतरी सरकतं आणि तुम्ही भलत्याच लांबीचा हिशोब करत बसता.

ब्रिजमध्ये अडकणारा छोटा गोळा असतो त्या टोकाशी तारेवर दुहेरी वेढा किंवा रेशीम असतं. तो जाड भाग सॅडलवर चढलेला असेल तर ती तार लागणार नाही. तार सहज जाईल पण गोळा अडकेल असा छोटा पितळी वॉशर गोळ्याच्या पुढे घातला की जाड भाग तेवढा मागे सरकतो.

नेक, उंची, नट, पिकअप

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी हे बहुतेक बेसला चालतं. मोजायला फिलर गेज (पातळ मापपट्ट्यांचा संच) लागतो. तो गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, म्युझिकच्या दुकानात शोधत बसू नका. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या सळईचा) नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल किंवा फटच नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावून मोजायचं. की घट्ट बसत नसेल तर थांबा. चुकीच्या मापाच्या कीने ट्रस रॉडचा नट गोल झाला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्तातल्या बेसच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

हे सगळं मोजताना बेस मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा. टेबलावर आडवा ठेवला तर नेक स्वतःच्या आणि हेडस्टॉकच्या वजनाने हलते आणि माप चुकतं.

आता उंची. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत ई ला २.४ मिमी, जी ला २ मिमी, मधल्या दोन त्यांच्या दरम्यान. जोरात वाजवणाऱ्याने थोडं वर ठेवावं. तार जितकी उंच तितकी दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर तितका चढतो, म्हणून उंची आधी ठरवायची. इंटोनेशन झाल्यावर उंची बदलली तर सगळं पहिल्यापासून.

नटची परीक्षा सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. तेवढी किंवा थोडी जास्त फट ठीक. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर नटची खाच उंच आहे. मग पहिले दोन-तीन फ्रेट चढे लागतात आणि बारावा मात्र ठीक. अशा वेळी ब्रिजकडे बघूही नका. सॅडल १ मिमी मागे नेलं तर पहिल्या फ्रेटवर सेंटचा (लगतच्या दोन फ्रेटमधल्या सुराच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) जेमतेम आठवा भाग फरक पडतो. खाच खोल करायला तारेच्या जाडीची गोल कानस लागते. ती नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या, खाच एकदा खोल गेली की नवा नट बसवावा लागतो.

पिकअप विसरायचे नाहीत. चुंबक तारेच्या फार जवळ असला तर तो तिला ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर एकाच सुरात दोन सूर थरथरल्यासारखे ऐकू येतात. ट्यूनरचा काटा ठरत नाही, ई तारेवर हे सर्वांत जास्त. शेवटचा फ्रेट दाबून ई तार आणि चुंबक यांच्यात ३ मिमीच्या आसपास, जी ला २.५ मिमीच्या आसपास अंतर ठेवा. काटा ठरत नसेल तर स्क्रूड्रायव्हर आधी पिकअपला लावा.

बाराव्या फ्रेटवर खड्डा पडलेला असेल, तर तो फ्रेट घासून सारखा केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

सॅडल किती हलवायचं याचा हिशोब

केबल थेट ट्यूनरमध्ये घाला. हेडस्टॉकला चिकटणारे क्लिप ट्यूनर ई तारेच्या ४१.२ हर्ट्झवर अडखळतात, पाच तारांच्या बेसच्या बी वर (३०.८७ हर्ट्झ) तर बऱ्याचदा हातच टेकतात. नेककडचा पिकअप पूर्ण, ब्रिजकडचा बंद, टोनचं बटण शून्यावर. तार नेकच्या टोकाजवळ अंगठ्याने छेडा. मूळ सूर स्वच्छ मिळतो आणि ट्यूनर गोंधळत नाही. छेडल्याबरोबर सूर क्षणभर चढा असतो, म्हणून अर्ध्या सेकंदानंतरचा आकडा धरा. आणि दाबताना नेहमी दाबता तेवढंच दाबा. ट्यूनर समोर असला की माणूस जरा जास्तच जपून, फुलासारखा दाबतो आणि स्टेजवर गेल्यावर पुन्हा चार सेंट चढा.

बाराव्याचा हार्मोनिक अगदी शून्यावर आणा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे, नेककडे. फेंडर पद्धतीच्या ब्रिजवर मागचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की सॅडल मागे जातं.

किती फिरवायचं, हे अंदाजाने करायची गरज नाही. दोन लगतच्या फ्रेटमध्ये १०० सेंट असतात. ३४ इंची स्केलवर सॅडल १ मिमी हलवून तार पुन्हा सुरात लावली की बाराव्या फ्रेटवर २ सेंटचा फरक पडतो. म्हणजे दाबलेला सूर ५ सेंट चढा असेल तर सॅडल अडीच मिमी मागे. स्क्रू एम-३ चा (३ मिमी जाडीचा) असेल तर त्याच्या आट्याचं अंतर अर्धा मिमी, म्हणजे एक पूर्ण फेरा म्हणजे एक सेंट. पाच सेंटला पाच फेरे. अमेरिकन ब्रिजचे आटे इंचाच्या मापाचे असतात, त्यांचा एक फेरा थोडा जास्त सरकवतो. ३० इंची छोट्या बेसवर १ मिमीला सव्वादोन सेंट पडतात.

या हिशोबाचा खरा उपयोग निदानाला होतो. एखादी तार २० सेंट चढी दाखवत असेल तर सॅडल १० मिमी मागे न्यावं लागेल, आणि तेवढी जागा बहुतेक ब्रिजवर नसते. असा आकडा आला की दोष ब्रिजचा नाही. तार मेलेली आहे, उंची अफाट आहे, नाहीतर ट्यूनर चुकीचा सूर पकडतोय.

स्क्रू फिरवण्याआधी तार दोन-तीन सूर उतरवा, विशेषतः सॅडल मागे नेताना. ताणलेल्या तारेखाली सॅडल ओढलं की स्क्रूचे आटे खराब होतात आणि सॅडलखालचे छोटे उंचीचे स्क्रू प्लेटवर ओरखडे काढतात. मग पुन्हा सूर लावा, तार सॅडलपुढे दाबा, हार्मोनिक, दाबलेला सूर. एका तारेला हे दोन-तीनदा करावं लागतंच.

बारावा जुळला की पाचवा आणि सतरावा तपासा, मग सातवा आणि एकोणिसावा. या जोड्यांमध्येही नेमका सप्तकाचाच फरक आहे. सतराव्यावर १ मिमी सॅडल म्हणजे ३.३ सेंट, त्यामुळे छोटी चूकही तिथं मोठी दिसते. बारावा शून्यावर आणि सतरावा दोन सेंटच्या आत असेल तर हात आवरा. सगळ्या फ्रेटवर शून्य कोणत्याच बेसला मिळत नाही. आणि बेसवाल्याचं बरंचसं काम पहिल्या सात फ्रेटवर चालतं, तेव्हा एकोणिसाव्यासाठी पाचव्याचा बळी देऊ नका.

तुम्ही अर्धा सूर उतरवून वाजवत असाल तर त्याच सुरावर इंटोनेशन लावा. सैल तार दाबताना जास्त चढते. भजनी मंडळात किंवा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसेल तर ट्यूनरचा संदर्भ पेटीवर आणा, एवढंच. सॅडल हलवायची गरज नाही.

ब्रिज स्वतः अडला तर

ई चं सॅडल मागे नेता नेता थांबलं आणि सूर अजून चढाच आहे, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा स्प्रिंग पूर्ण दाबली गेलेली असते. तार काढा, स्क्रू सोडा, स्प्रिंगचे तीन-चार वेढे निपरने तोडा, परत बसवा. तारेचा ताण सॅडलला जागेवर धरतो, त्यामुळे ई ला स्प्रिंग अजिबात नसली तरी चालतं. पण एक गोष्ट बघा: सॅडल मागे गेलं की स्क्रूचं टोक पुढे बाहेर येतं, आणि तारेच्या खालून तिला टेकलं तर विचित्र झणझणाट येतो. तेवढं टोक हॅकसॉने कापून कानसीने गुळगुळीत करा किंवा आखूड स्क्रू घाला. तरीही जागा कमी पडत असेल आणि सॅडलचा माथा एका बाजूला असेल, तर ते उलटं बसवून पाहा.

उंचीचे छोटे ग्रब स्क्रू अडकणं हा आपल्याकडचा खास आजार. खाडीवरची खारी हवा, पावसाळा आणि हाताचा घाम, तिन्ही एकाच जागी. नवी मुंबईतल्या ऐरोली-कोपरखैरणे-वाशीच्या पट्ट्यात उघड्यावर स्टँडला ठेवलेल्या बेसचे हे स्क्रू एका पावसाळ्यात धरू शकतात. सॅडल ब्रिजवरून काढून घ्या, आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळीही हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. धातू तापून फुगतो, गंजाची पकड सुटते. तेल बॉडीवर बसवलेल्या ब्रिजवर फवारू नका, ते लाकडात आणि पिकअपमध्ये मुरतं.

की मापाचीच हवी. एम-३ ग्रब स्क्रूला १.५ मिमीची अ‍ॅलन की लागते. अमेरिकन बेसवर १/१६ इंच, जुन्या पद्धतीच्यांवर ०.०५० इंच. १/१६ च्या खाचेत १.५ ची की बसते, फिरल्यासारखीही वाटते आणि खाच गोल करून टाकते. एकदा गोल झाली की नवे स्क्रू. स्टेनलेसचे एम-३ ग्रब स्क्रू ८, १० आणि १२ मिमी लांबीत मिळतात. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे नसले तर मुंबईत मशिदबंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर सापडतील. जुना स्क्रू नमुन्याला बरोबर न्या. इंची आट्याचा स्क्रू असेल आणि कुठेच मिळत नसेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या लेथवाल्याकडून सॅडललाच नवे एम-३ चे आटे पाडून घेता येतात का ते विचारा, मात्र जुनं भोक मोठं असेल तर ते जमत नाही.

ग्रब स्क्रू सैल असतील आणि वाजवता वाजवता सॅडल खाली बसत असेल, तर आट्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब पुरतो. एका सॅडलचे दोन्ही स्क्रू असमान असले की ते तिरपं होऊन तार एका बाजूला घसरते. दोन्ही पाय प्लेटवर टेकलेले आहेत ना ते बघा.

ब्रिज उचलला जाणं मात्र गंभीर. चार तारांचा मिळून ताण सत्तर-पंच्याहत्तर किलोंच्या आसपास असतो आणि तो काही स्क्रूंवर येतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर स्क्रूंची भोकं गेलेली आहेत. तारा काढा, ब्रिज काढा. खाली एक उघडी वायर दाबलेली दिसेल. ती अर्थची वायर, तिला तोडू नका आणि परत बसवताना जागेवरच ठेवा. भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, ठासून भरा. एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन. वर आलेलं ब्लेडने सपाट करा आणि स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या दांड्याइतक्या जाडीच्या ड्रिलने भोक पाडा, खोलीची खूण म्हणून ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळा. भोक फारच मोठं झालं असेल तर काड्यांऐवजी कडक लाकडाची गोल खुंटी सुताराकडून करून बसवा.

बसवल्यावर मल्टीमीटरने ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या भागात जोड आहे का तपासा, वाचन शून्य ओहमच्या जवळ हवं. जोड नसेल तर तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत नाही. मांडवात माईकला ओठ लागल्यावर झटका बसतो म्हणून ही वायर कापणारे महाभाग आहेत. दोष तिचा नसतो. एक्स्टेन्शन बोर्डाच्या तिसऱ्या पिनमध्ये अर्थ आहे का, ते मांडववाल्याला तपासायला लावा.

चारही सॅडल एकाच टोकाला जाऊन अडली तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलेला आहे. नटपासून जी च्या सॅडलच्या माथ्यापर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. ३४ इंची बेसला ८६४ ते ८६७ मिमीच्या दरम्यान यायला हवं. नसेल तर भोकं बुजवून ब्रिज सरकवावा लागतो. नवा ब्रिज घ्यायचा असेल तर स्क्रूंच्या भोकांची मांडणी आणि तारांमधलं अंतर (बहुतेक ठिकाणी १९ मिमी, म्हणजे ई ते जी ५७ मिमी) मोजूनच घ्या. जड पितळी ब्रिजने इंटोनेशन सुधारतं हा समज मात्र सोडून द्या. तेवढ्या पैशात तारांचे बरेच सेट येतात.

पावसाळा आणि एसी

हवेतला दमटपणा बदलला की लाकूड हलतं, नेकचा बाक बदलतो, बाकाबरोबर उंची आणि उंचीबरोबर इंटोनेशन. जून लागल्यावर एकदा आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर एकदा नेकची फट मोजा. मधल्या काळात बेस बॅगेत, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसह. ठाण्याच्या गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या एसी सभागृहात बाहेरच्या उकाड्यातून आणलेला बेस वीसेक मिनिटं बॅगेबाहेर ठेवून मगच सूर लावा. स्टेजच्या दिव्यांखाली तारा तापून उतरतात, तो इंटोनेशनचा दोष नव्हे. कार्यक्रम झाला की तारांबरोबर सॅडलही कोरड्या कापडाने पुसा, आणि महिन्यातून एकदा दातकोरणीच्या टोकाने स्क्रूंना मशीनचं तेल लावा.

सगळं लागल्यावर ब्रिजच्या मागच्या भिंतीपासून प्रत्येक सॅडलपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून तारेचा गेज आणि सतराव्या फ्रेटवरची उंची यांसह लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर बारावा पुन्हा चढा लागला आणि सॅडलची मापं तीच असतील, तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून फिलर गेज काढा.